एक पेड वाकडा

उन्हाळ्यात पाहुणे यायचे असले की आपण ज्या चायना ग्रासचे दुधातले पुडिंग लावतो, तेच चायना ग्रास जगभरच्या प्रयोगशाळांत एका किड्याचे अंगण आहे. शास्त्रज्ञ त्याला अगर म्हणतात, एवढाच फरक. काचेच्या पसरट बशीत त्याचा पातळ थर ओतायचा, तो थिजला की वर जिवाणूंचा एक ठिपका द्यायचा आणि त्यात हा सूत्रकृमी सोडायचा. लांबी एक मिलिमीटर. म्हणजे आत्ता तुम्ही वाचता आहात त्या ओळीतल्या स्वल्पविरामाएवढी. पोटभर जिवाणू खायचे, तीनेक दिवसांत अंड्याचे प्रौढ व्हायचे आणि पुढची पिढी मागे ठेवायची, एवढाच त्याचा संसार.

नाव मात्र भारदस्त आहे: सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. त्यातल्या एलेगन्सचा अर्थ देखणा. सूत्रकृमी म्हटले की आपल्याला पोटातले जंत आठवतात आणि डाळिंबाच्या बागाईतदाराला मुळांवरच्या गाठी. हा त्यांच्याच भाऊबंदांपैकी असला तरी कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुजणारी फळे आणि कंपोस्ट हे त्याचे घर. अंग काचेसारखे पारदर्शक. प्रजननाच्या पेशी वगळल्या तर प्रौढ किड्याच्या शरीरात नेमक्या ९५९ पेशी असतात, एक कमी नाही की एक जास्त नाही.

मी पुण्यात तीस वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले. पुढे संशोधनात गेलेल्या एका विद्यार्थिनीने मला तिच्या प्रयोगशाळेत दोन बशा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. पहिल्या बशीतले किडे एका कुशीवर पडून सापासारखी नागमोडी चाल चालत होते. मागे अगरवर सुबक वळणांची रेघ उमटत होती. दुसऱ्या बशीत तीच जात, तेच खाणे, पण प्रत्येक किडा स्वतःच्या अंगाभोवती लोळत लोळत घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत होता. पुढे जायचे म्हटले तरी त्याला सरळ जाताच येत नव्हते. एका जनुकातले एक अक्षर बदलले होते, बाकी काही नाही. ‘‘मॅडम, त्याच्या कातडीला पीळ बसलाय,’’ ती म्हणाली.

तिच्या त्या वाक्यात शास्त्र पुरेपूर आहे, म्हणून आधी कातडीचीच गोष्ट सांगते. आपला आकार आतल्या हाडांमुळे ठरतो. या किड्याला हाडे नाहीत. बैठकीतला लोड आठवा. आत कापूस दाबून भरलेला असतो, पण लोड गोल होणार की चपटा, आखूड होणार की लांब, हे ठरवते ती वरची खोळ. किड्याच्या अंगात कापसाऐवजी दाबाखालचे द्रव आणि मऊ अवयव असतात, आणि खोळ म्हणजे त्याची कात. ती विणलेली असते मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची. हातात कंकणे भरावीत तशी तिच्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक वलये असतात. वाढताना किडा चार वेळा कात टाकतो आणि दर वेळी नवी खोळ विणतो. त्यासाठी त्याच्याकडे कोलॅजेनची पावणेदोनशेच्या आसपास जनुके आहेत. एवढ्याशा जिवाच्या एकूण वीसेक हजार जनुकांतली एवढी जनुके नुसत्या कपड्याच्या विणकामाला! आपल्या पेठांतल्या लग्नघरांचा खर्चही कधी कधी याच प्रमाणात असतो.

ही खोळ बिघडली की काय होते ते प्रथम पद्धतशीरपणे पाहिले सिडनी ब्रेनर यांनी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये काम करणारा हा माणूस १९६३च्या सुमारास या किड्याच्या मागे लागला. त्याला खरे तर मज्जासंस्था समजून घ्यायची होती. त्याने किड्यांना जनुकांत बदल घडवणाऱ्या रसायनात बुडवले आणि त्यांच्या नातवंडांत काय काय वेगळे दिसते ते भिंगाखाली तपासत बसला. १९७४ साली त्याने सुमारे तीनशे उत्परिवर्तनांचा हिशेब प्रसिद्ध केला. ती सुमारे शंभर जनुकांतली होती. बरेच किडे चालताना अडखळणारे होते, पण काहींचा आकारच बदलला होता. आखूड आणि गुबगुबीत ते ‘डंपी’, अंगापेक्षा लांब ते ‘लाँग’, अंगावर फोड आलेले ते ‘ब्लिस्टर’, लोळणारे ते ‘रोलर’. आपल्याकडे शाळेत मुले एकमेकांना ढब्बू, लंबू म्हणतात, तसलीच ही नावे. आणि ती आजही अधिकृत आहेत. ब्रेनरना पुढे २००२ साली नोबेल मिळाले.

सगळेच ढब्बू आणि लंबू कोलॅजेनमुळे झालेले नसतात, हेही सांगायला हवे. काहींत वाढीचे संदेश बिघडलेले असतात. पण १९८०च्या दशकाच्या शेवटी जनुके वाचता येऊ लागली, तेव्हा ‘डंपी’ गटातले तेरावे, ‘रोलर’ गटातले सहावे आणि ‘स्क्वॅट’ म्हणजे बसकट गटातले पहिले अशी जनुके एकामागून एक कोलॅजेनची निघाली.

आता हे कोलॅजेन काय आहे? ते तुमच्या-माझ्यात पुष्कळ आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग त्याचाच. हाडांतला चुना त्याच्याच जाळीवर बसतो. कातडी, स्नायूबंध, कूर्चा, डोळ्याचा पांढरा भाग, सगळीकडे तेच. पाया उकळून केलेले सूप गार झाल्यावर थिजते, ते त्याच्यामुळेच. उकळताना त्याचा पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होते.

हा पीळ कसा असतो ते शोधण्याचा मान भारताचा आहे, आणि तो आपण शाळेत पुरेसा सांगत नाही असे माझे जुने गाऱ्हाणे आहे. १९५२ साली बर्नाल हे ब्रिटिश शास्त्रज्ञ मद्रासला आले असता त्यांनी विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन यांना कोलॅजेनची रचना अजून सुटलेली नाही असे सुचवले. शुद्ध कोलॅजेन आणायचे कुठून? मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे कांगारूच्या शेपटीतले मिळाले. त्याच्या क्ष-किरण चित्रांवरून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ साली तिला योग्य तो पीळ दिला. तपशिलांवरून परदेशी शास्त्रज्ञांशी वाद झाले, पण तीन पेडांची मूळ कल्पना टिकली.

कोलॅजेन म्हणजे तिपेडी दोर. वाखाचा दोर वळणारा माणूस एकेका पेडाला एका दिशेने पीळ देतो आणि तिन्ही पेड एकत्र करताना उलट्या दिशेने. म्हणून तर दोर आपोआप उलगडत नाही. निसर्गाने कोलॅजेनमध्ये नेमके हेच केले आहे. मात्र तीन पेड इतके घट्ट बसवायचे तर मधोमध जागा उरत नाही. म्हणून साखळीतला दर तिसरा मणी सगळ्यांत लहान असावा लागतो. अमायनो आम्लांतले सगळ्यांत लहान म्हणजे ग्लायसिन. एक, दोन, ग्लायसिन. एक, दोन, ग्लायसिन. असे शेकडो वेळा. एके ठिकाणी जरी ग्लायसिनच्या जागी मोठा मणी आला, तरी तिथे दोर फुगतो, वळण अडते आणि वळायला नको तितका वेळ लागतो.

किड्यांतल्या या उत्परिवर्तनांवर अमेरिकेत जेम्स क्रॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच काम केले, आणि त्यात एक चकवा निघाला. दुसऱ्या बशीतला तो लोळणारा किडा ज्या जनुकाच्या बिघाडाने लोळतो, ते जनुक समूळ काढून टाकले तर काय व्हावे? आणखी वाईट, असेच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात किडा जवळजवळ नेहमीसारखा निघतो! सरळ चालतो, लोळत नाही. बसकट गटातल्या त्या पहिल्या जनुकाचीही हीच तऱ्हा. हा पेड मुळीच नसला तर किडा निभावून नेतो, आणि वाकडा पेड आला तर सगळा दोर वाकडा होतो. लोळणाऱ्या किड्यात साखळीच्या एका जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आलेले असते. वेणी घालून झाल्यावर आपण शेपटाची वेडीवाकडी टोके कातरतो, तशी कोलॅजेनचीही जादा टोके कातरली जातात. ते आर्जिनिन म्हणजे कुठे कातरायचे याची खूण होती. खूण पुसली, टोक राहिले, आणि ते तसेच सगळ्या खोळीत विणले गेले. शिवाय किड्याकडे या जनुकाची दुसरी, निर्दोष प्रत असली तरी उपयोग होत नाही.

सगळ्या जनुकांचे असे नसते. ‘डंपी’ गटातली काही जनुके काढून टाकली तरी किडा ढब्बूच होतो, कारण वलये घडवायला ती लागतातच. पण लोळणाऱ्या किड्याचा हा चकवा मला पाठ झाला तो वेगळ्या कारणाने.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. नाव आणि पेठ सांगत नाही. त्यांच्या मुलीचा जन्म मे १९९६चा. आठव्या महिन्यात मांडीचे हाड मोडले, ते लंगोट बदलताना. दहा वर्षांची होईपर्यंत अकरा वेळा प्लास्टर झाले. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसे, आम्हाला तो सुंदर वाटे. एका दवाखान्यात तर आईवडिलांना बाहेर बसवून ‘मुलीला मारता का?’ अशी विचारणा झाली. घरात मात्र वेगळाच खटला चालू होता. २४ ऑक्टोबर १९९५ला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण होते. पुण्यात ते खंडग्रास दिसले. त्या सकाळी या बाईंनी, दोन महिन्यांच्या गरोदर असताना, विळीवर भाजी चिरली होती. सासूबाईंनी ती विळी वर्षानुवर्षे खाली ठेवली नाही. प्रत्येक प्लास्टरला ती पुन्हा निघे. आणि बाईही, शिकलेली असून, एकदा मला हळूच म्हणाल्या, ‘‘खरंच माझ्या हातून झालं असेल का हो?’’

या आजाराला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. पंधरा ते वीस हजार जन्मांत एखाद्या बाळाला तो असतो. बहुतेकांत दोष हाडांतल्या कोलॅजेनच्या दोन जनुकांपैकी एकात असतो. माणसात असा दोष पहिल्यांदा नेमका सापडला तो १९८३ साली. हाडांतल्या प्रत्येक दोराला एका प्रकारचे दोन पेड लागतात आणि दुसऱ्या प्रकारचा एक. पहिल्या प्रकारच्या पेडाचे जनुक प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची आणि एक वडिलांची. समजा त्यांतली एक प्रत पूर्ण मुकी आहे, तिच्यापासून पेडच बनत नाही. मग दोर निम्मेच तयार होतात, पण जे होतात ते सगळे चांगले. अशा माणसाची हाडे थोडी लवकर मोडतात, आजार बहुधा सौम्य राहतो. आता समजा ती प्रत मुकी नाही, चुकीचे बोलते. ग्लायसिनच्या जागी मोठा मणी घालते. पेशीत निम्मे पेड सरळ, निम्मे वाकडे. दोर वळताना त्यांतले कोणतेही दोन उचलले जाणार. चांगला-चांगला, चांगला-वाकडा, वाकडा-चांगला, वाकडा-वाकडा. चार दोरांत एकच निर्दोष. बारावीच्या वर्गात मी हा हिशेब फळ्यावर खडूने मांडत असे. मुले नाणी उडवूनही पडताळून पाहत. आपल्या ओळखीतल्या कुणाच्या हाडांत तो असेल, असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

म्हणजे हाडांची गोष्ट आणि लोळणाऱ्या किड्याची गोष्ट एकाच वाटेने जाते. कमी पडण्यापेक्षा वाकडे मिसळणे अधिक भोवते.

जनुकाची तपासणी त्या मुलीला लहानपणी मिळाली नाही. ती मोठी झाल्यावर, रक्तावरून झाली. अहवालात एका ग्लायसिनची जागा आणि तिथे काय आले ते छापलेले होते. आईवडिलांचेही रक्त तपासले, दोघांतही तो बदल नव्हता. हे पुष्कळदा होते. बीजपेशी तयार होताना कोट्यवधी अक्षरांची नक्कल करावी लागते आणि त्यात एखादे अक्षर नव्याने चुकते. त्याला आईचे खाणे, वागणे, विळी, सूर्य, कुणीही कारण नसते. आणि काळाचा हिशेबही पाहा: हा बदल बीजातच होऊन गेलेला होता. दिवाळीतल्या त्या ग्रहणाला चंद्र सूर्यासमोर आला, तेव्हा त्या गर्भाच्या पेशी तो वाकडा पेड आधीपासूनच बाळगून होत्या. मी हे त्या बाईंना कागदावर काढून दाखवले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘हे आईंना समजेल अशा भाषेत लिहून द्याल?’’ लिहून दिले. सासूबाईंनी चष्मा लावून वाचले, घडी घालून देव्हाऱ्याजवळ ठेवले आणि काही म्हणाल्या नाहीत. विळीचा विषय पुन्हा निघाल्याचे माझ्या कानावर नाही.

किड्यांकडे पुन्हा वळते, कारण तिथे आणखी एक गोष्ट आहे. कातीखेरीज त्यांच्या आत अवयवांभोवती पातळ पडदे असतात, तेही कोलॅजेनचे. त्यांतल्या एका जनुकात ग्लायसिन बदललेले काही किडे थंड खोलीत, पंधरा-सोळा अंशांना, सुखाने वाढतात. पंचवीस अंशांना त्यांची पिले अंड्यातच मरतात. हे १९९१ साली क्रॅमर यांच्याच गटाने दाखवले. म्हणजे पुण्याच्या जानेवारीतल्या पहाटे जगायचे आणि मार्चच्या दुपारी मरायचे. सैल वळलेला दोर उष्णतेत उलगडतो, सूप उकळताना उलगडतो तसाच, फक्त फार लवकर.

दोर उलगडू नये म्हणून निसर्गाने एक युक्ती केली आहे. साखळीतल्या प्रोलिन नावाच्या मण्यांना, पेड वळायच्या आधी, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक छोटी घुंडी लावली जाते. त्याला हायड्रॉक्सिप्रोलिन म्हणतात. ही घुंडी लावणाऱ्या विकराला आपल्या शरीरात क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की घुंड्या लागत नाहीत, दोर सैल होतात, हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात. जुन्या काळच्या खलाशांना छळणारी स्कर्व्ही ती हीच. आवळ्याचे गुण आजीला ठाऊक होते. घुंडी ठाऊक नसली तरी चालत होते. किड्यांत हे विकर बनवणारे एक जनुक बिघडले की काय होते? किडा ढब्बू होतो. ब्रेनरच्या ‘डंपी’ यादीतले अठरावे जनुक हेच निघाले, २०००च्या सुमारास. त्याचे भावंड जनुकही बंद केले तर गर्भ जगतच नाही.

नेमक्या या घुंडीवर पुण्यात काम झाले आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. कृष्ण गणेश आणि त्यांच्या गटाने कोलॅजेनच्या छोट्या नकला घडवल्या आणि त्या घुंडीच्या जागी नायट्रोजनची घुंडी, म्हणजे अमिनो गट, बसवून पाहिला. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केले की असा तिपेडी दोर निसर्गाच्या नमुन्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरतो, आणि तो किती तापमानाला सुटेल हे भोवतालच्या आम्लतेवर अवलंबून राहते. नकळत मनात येते की अशा घुंड्या आजारी हाडांत बसवता आल्या तर? पण परीक्षानळीतली छोटी साखळी वेगळी आणि जिवंत हाडात रोज विणला जाणारा दोर वेगळा. गणेश पुढे त्याच रस्त्यावर २००६ साली सुरू झालेल्या आयसरचे पहिले संचालक झाले. पाषाणकडे जाणाऱ्या बसमधून मी त्या फाटकांवरून कितीदा गेले असेन, आत कुणी तिपेडी दोर वळत असेल असे कधी मनात आले नाही.

त्या मुलीच्या हाडांना आधार मिळाला तो वेगळ्या मार्गाने. १९९८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी पामिड्रोनेट हे औषध अशा मुलांना शिरेतून दिल्याचे परिणाम प्रसिद्ध केले. त्याने हाडाची झीज मंदावते. वाकडा पेड सरळ होत नाही, पण असलेले हाड टिकते. ती सातव्या वर्षापासून ते घेत होती. मांड्यांच्या हाडांत आतून सळ्याही घातल्या. उंची चार फुटांच्या आसपास थांबली. कॉमर्स केले, हिशेब तपासनिसाच्या कार्यालयात नोकरी करते, तीनचाकी स्कूटर चालवते आणि पुण्याच्या वाहतुकीला माझ्यापेक्षा कमी घाबरते.

लग्न झाले आहे. आता प्रश्न पुढचा. आईवडिलांकडून तो बदल आला नव्हता, पण तिच्याकडून पुढे जाऊ शकतो. प्रत्येक गर्भाला निम्मी शक्यता. बदल नेमका ठाऊक असल्यामुळे गर्भाची तपासणी करता येते, किंवा प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तपासून मगच आत ठेवता येतो. दोन्ही मार्ग कायद्याच्या चौकटीत आहेत, खर्चाचे आहेत आणि मनाला सोपे नाहीत. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे अहवाल घेऊन आली होती. तिने निम्म्याचा हिशेब विचारला नाही. तो तिला पाठ आहे. विचारले ते एवढेच: बाळाला हा बदल आला, तर त्याचा आजार तिच्याइतकाच असेल का? मी सांगितले, एकाच घरात, एकाच बदलाने, कमीजास्त होऊ शकतो. दुसरा निर्दोष पेड आणि बाकीची जनुके प्रत्येकाची वेगळी असतात. तिने ते डायरीत लिहून घेतले. जनुकीय सल्लागारांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. ‘‘आईला नेते बरोबर,’’ ती म्हणाली, ‘‘तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय.’’